साखरेवांचून गोडी : घरगुती मधाच्या गोळ्या

पेण आणि रोहा या गांवांतील गृहिणींना हवेंतील ओलाव्याची ओळख कोणत्याहि शास्त्रीय पुस्तकावांचून झालेली असते. पेणचे पोह्यांचे पापड व मिरगुंडें यांचा लौकिक दूरवर आहे. परंतु आषाढांत तीं कोणी वाळत घालीत नाहीं. धरमतरच्या खाडीकांठचीं मिठागरें पाऊस सुरू होतांच थांबत, आणि घरांतील बरणींत भरून ठेवलेल्या मिठालाहि मृग लागला कीं पाणी सुटतें. वाळवणाचा हा सारा व्यवहार एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतो : कोणता पदार्थ हवेंतून किती पाणी ओढून घेतो? मधाच्या गोळ्या घरीं करूं इच्छिणारानेंहि प्रथम हाच प्रश्न मनाशीं घोळवावा. कारण या बाबतींत मध मिठाहूनहि हट्टी आहे.

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत कारखान्यांतील शुभ्र साखर शक्य तों टाळावी असा कल दिसतो. पण मुलांना गोळ्या हव्या असतात, आणि वडीलधाऱ्यांनाहि जेवणानंतर तोंडांत टाकावयास कांहीं तरी गोड लागतें. तेव्हां साखरेच्या पाकाची जुनी कृति घ्यावयाची, साखरेच्या जागीं तितकाच मध घालावयाचा आणि गोळ्या पाडावयाच्या, असा प्रयोग होतो. त्या दिवशीं गोळ्या सुरेख, पारदर्शक व सोनेरी दिसतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डबा उघडावा तों साऱ्या गोळ्यांचा मिळून एक चिकट गोळा झालेला असतो. यांत हाताचा दोष नसतो, समजुतीचा असतो. मध म्हणजे पातळ साखर नव्हे. त्याचा स्वभाव निराळा आहे, आणि तो ओळखल्याशिवाय ही कृति साधत नाहीं.

चांगल्या मधांत शंभर भागांपैकीं साधारणपणें १८ ते २० भाग पाणी असतें. उरलेल्या भागांत मुख्यत्वें दोन शर्करा असतात. फलशर्करा सुमारें ३८ भाग व द्राक्षशर्करा सुमारें ३१ भाग. फुलांच्या रसांत ऊंसाच्या साखरेच्या जातीची शर्करा पुष्कळ असते. मधमाशी आपल्या शरीरांतील पाचक द्रव्यानें त्या शर्करेचे हे दोन घटक वेगळे करते. आपल्या घरीं साखरेच्या पाकांत लिंबू पिळतात, त्यांतील रहस्य हेंच आहे. लिंबाच्या आंबटपणामुळें थोडीशी साखर याच रीतीनें फुटते आणि पाकांत पुन्हां रवा धरत नाहीं. मधमाशीनें हें काम आधींच केलेलें असल्यामुळें मधाच्या कडक गोळींत रवा येत नाहीं. ती कांचेसारखी स्वच्छ होते. हा मधाचा गुण झाला.

त्याचा अवगुणहि याच ठिकाणीं आहे. ऊंसाच्या साखरेचा कोरडा दाणा हवेचा दमटपणा शेंकडा ८५ च्या घरांत जाईपर्यंत सहसा पाझरत नाहीं. मिठाला ७५ च्या सुमारास पाणी सुटतें. फलशर्करा मात्र ६० च्या आसपासच विरघळूं लागते. आणि आटवून कडक केलेल्या मधांत पाणी शेंकडा दोन-तीन भागच उरलेलें असल्यामुळें तो याहूनहि कोरड्या हवेंत ओलावा ओढूं लागतो. कुंडलिकेच्या किंवा भोगावतीच्या कांठीं पावसाळ्यांत हवेचा दमटपणा ८५ ते ९० पर्यंत चढतो. अशा हवेंत उघडी ठेवलेली मधाची गोळी टिकावी अशी अपेक्षा करणें म्हणजे श्रावणांत अंगणांत पापड घालण्यासारखें आहे. तेव्हां पहिला नियम असा कीं, मधाच्या गोळ्या मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या दिवसांत कराव्या, आणि त्याहि निवाल्याबरोबर हवाबंद बरणींत ठेवाव्या.

दुसरा विचार मधाच्या निवडीचा. पेण, रोहा व सुधागड या भागांतील डोंगरांत कातकरी लोक पिढ्यान्‌पिढ्या मध काढीत आले आहेत. उंच झाडांवर व कड्यांवर मोठें एकच पोळें बांधणारी ती आग्या माशी; झुडपांत लहानसें पोळें करणारी ती फुलोरी; आणि झाडाच्या ढोलींत अनेक पोळीं शेजारीं शेजारीं बांधणारी व म्हणूनच पेटींत पाळतां येणारी ती सातेरी. मध पिकला, म्हणजे त्यांतील जादा पाणी उडून गेलें, कीं माशा पोळ्याच्या घरांवर मेणाचें झांकण घालतात. झांकण घातलेल्या घरांतील मध टिकतो. न झांकलेल्या घरांतील मध पातळ असतो व लौकर आंबतो. गोळ्यांसाठीं पिकलेलाच मध घ्यावा. पातळ मध आटवावयास वेळ अधिक लागतो, आणि तितक्या वेळांत तो काळवंडतो. संबंध पोळें पिळून काढलेल्या मधांत माशांच्या अळ्यांचा व परागांचा अंश येतो, आणि त्यांत माशांची पुढची पिढीहि नष्ट होते. पोळ्याचा मधाचा भागच तेवढा कापून काढणाऱ्यास चार पैसे अधिक द्यावे हें उत्तम. त्यांत घेणाराचेंहि हित आहे आणि रानाचेंहि.

बाजारांतील बाटलीबंद मध घेतांना आणखी एक सावधगिरी हवी. २०२० सालीं दिल्लीच्या एका पर्यावरणविषयक संस्थेनें बाजारांतील मधाचे नमुने तपासून घेतले, तेव्हां त्यांतील बहुसंख्य नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचें तिनें जाहीर केलें. मधाचा थेंब पाण्यांत सोडून किंवा अंगठ्याच्या नखावर ठेवून केलेल्या परीक्षा या भेसळीपुढें लटक्या पडतात. साखर नको म्हणून मध घ्यावा, आणि मधाच्या रूपानें पाकच घरीं यावा, याहून मोठी फसगत ती कोणती? म्हणून ओळखीच्या मधपाळाकडून किंवा सरकारी ग्रामोद्योग केंद्रांतून मध घेणें बरें. महाबळेश्वराजवळील मांघर या गांवास २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून मान मिळाला. तेथील घरोघरच्या पेट्या पाहिल्या कीं शुद्ध मधाची किंमत अधिक कां असते तें ध्यानांत येतें.

आतां प्रत्यक्ष कृति. मध २५० ग्रॅम घ्यावा. पातेलें जाड बुडाचें व मधाच्या चौपट तरी उंच असावें, कारण तापलेला मध फेसाळून वर येतो. विस्तव मंद ठेवावा. ऊंसाची साखर १६० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तांबूस होऊं लागते, तर फलशर्करेवर ११० अंशांपासूनच रंग चढूं लागतो. त्यामुळें मोठ्या जाळावर मध आटण्याआधींच करपतो. लांकडी उलथन्यानें सतत ढवळत राहावें. येथें अनुभवी गृहिणीचीहि एक फसगत होण्याचा संभव आहे. साखरेचा पाक एकतारी झाला कीं दोनतारी, हें ती बोटांवर पाहते. परंतु मधाला कच्चेपणींच तार सुटते, म्हणून तारेची परीक्षा येथें निरुपयोगी. त्याऐवजीं वाटींत थंड पाणी घेऊन त्यांत एक थेंब सोडावा. प्रथम थेंबाची मऊ गोळी होईल, नंतर घट्ट होईल, आणि शेवटीं तो पाण्यांतून काढून मोडला असतां काडीसारखा कट्‌कन तुटेल. ही शेवटची अवस्था सुमारें १४५ ते १५० अंशांवर येते. यापुढें एक मिनिटहि दवडूं नये. १५५ अंशांच्या पुढें कडवटपणा येतो.

पातेलें खालीं उतरवून, हवी असल्यास चिमूटभर सुंठ व वेलदोड्याची पूड घालावी आणि तूप लावलेल्या ताटांत पाक ओतावा. किंचित् निवल्यावर सुरीनें रेघा पाडाव्या, किंवा हाताला तूप लावून लहान गोळ्या वळाव्या. भाजलेल्या पोह्यांचें वस्त्रगाळ पीठ त्यांवर भुरभुरावें. त्यानें गोळ्या एकमेकींस चिकटत नाहींत. प्रत्येक गोळी तुपकट कागदांत गुंडाळून कोरड्या बरणींत भरावी. २५० ग्रॅम मधाच्या सुमारें २०० ग्रॅम गोळ्या होतात. बाकीचें पाणी वाफ होऊन जातें. हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो व अंगास चिकटून राहतो. म्हणून कृति चालली असतांना मुलांस चुलीपासून दूर ठेवावें.

ज्यांना दमट हवेंतहि टिकेल असें कांहीं हवें, त्यांनीं मधाला सोबती द्यावा. तिळाची वडी हा त्यावर जुना व खात्रीचा उपाय आहे. गूळ १५० ग्रॅम, भाजलेले तीळ २०० ग्रॅम, दाण्याचें कूट ५० ग्रॅम, मध ४० ग्रॅम व तूप एक लहान चमचा, असें प्रमाण घ्यावें. गुळाचा गोळीबंद पाक करून खालीं उतरवावा, त्यांत तीळ व कूट मिसळावें, आणि हाताला सोसेल इतकें निवल्यावर मध घालून तें मळावें व तुपाचा हात लावलेल्या पाटावर थापावें. तिळांतील तेल व कुटाचा कोरडेपणा यांमुळें ओलावा एकदम आंत शिरत नाहीं, आणि मधामुळें वडी दांतांना जड न होतां मऊ राहते. घाट चढून गेलें कीं लोणावळ्यास जी चिक्की मिळते, तिचें जुनें रूप जी गुडदाणी तिच्याच कुळांतली ही वडी आहे. मध तेवढा जास्तीचा.

या दुसऱ्या कृतींत मध विस्तवावर चढत नाहीं, हें मुद्दाम लक्षांत घ्यावें. चरक व सुश्रुत या दोघांनींहि तापविलेला मध निषिद्ध मानला आहे, आणि पुष्कळ घरांत तो नियम आजहि पाळतात. आधुनिक रसायनशास्त्राची भाषा निराळी आहे. मध फार तापला कीं त्यांतील फलशर्करेपासून हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल नांवाचें द्रव्य बनतें. तें वाढलेलें दिसलें कीं मध जुना किंवा तापविलेला आहे असें समजतात, आणि उष्ण देशांतील मधांत तें किलोमागें ८० मिलिग्रॅमच्या वर नसावें असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. हेंच द्रव्य भाजलेल्या कॉफींत व पावांतहि सांपडतें. तेव्हां कधींमधीं खाल्लेल्या गोळीनें भिण्याचें कारण नाहीं. परंतु मधाचा सुगंध व त्यांतील नाजूक पाचक द्रव्यें १५० अंशांवर टिकत नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. कडक गोळींत मधाची चव मिळते. मधाचे सारे गुण मिळत नाहींत. मधाच्या गुणांसाठींच जो मध घेतो, त्यानें वडीचा मार्ग धरावा. वैद्यकांत मध व तूप समभाग घेऊं नयेत असेंहि सांगितलें आहे; वरील प्रमाणांत तूप मधाच्या मानानें फारच थोडें असल्यामुळें तो प्रश्न येत नाहीं.

अखेर, दोन गोष्टी पदार्थाच्या गोडीहून अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली तान्ह्या मुलांविषयीं. बाळ जन्मल्यावर त्यास मध चाटविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु मधांत कधीं कधीं एका जातीच्या जंतूंचीं बीजें असतात. मोठ्या माणसाच्या पोटांत तीं निरुपद्रवी ठरतात. एक वर्षाच्या आंतील बालकाच्या आंतड्यांत मात्र तीं रुजून विष निर्माण करूं शकतात, आणि त्यानें बालकाचे स्नायू लुळे पडून श्वासहि कोंडतो. साध्या उकळण्यानें तीं बीजें मरत नाहींत. म्हणून वर्षाच्या आंतील मुलास मध कोणत्याहि रूपांत देऊं नये. रीत पाळावयाचीच असेल तर सोन्याचा वळसा कोरडाच ओठांस लावावा. कडक गोळी तर चार वर्षांखालील मुलाच्या घशांत अडकण्याचें भय असतें, तेव्हां त्यांना मऊ वडीचा तुकडाच द्यावा.

दुसरी गोष्ट मधुमेह्यांविषयीं. साखर वर्ज्य केली म्हणजे शर्करा वर्ज्य झाली असें नव्हे. मधाच्या शंभर भागांत ८० च्या आसपास शर्कराच असते, आणि आटवलेल्या गोळींत ती आणखी दाट होते. रक्तांतील शर्करा वाढविण्याच्या बाबतींत मध कांहीं परका नाहीं. “साखर नाहीं, मधच आहे” असें म्हणून मधुमेही वडिलांपुढें गोळ्यांची वाटी ठेवणें ही माया असली, तरी ती हितकर नव्हे. मधाच्या गोळ्या करण्यांत खरें समाधान आहे तें असें कीं, गोड पदार्थ कोठून आला, कसा झाला आणि किती खाल्ला, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक राहतें. संक्रांतीस एक बरणी भरावी, ती होळीपर्यंत पुरवावी, आणि मृगाचा पहिला पाऊस पडण्याच्या आंत तिचा तळ दिसावा, एवढें प्रमाण एका घराला पुरेसें आहे.