तिथि पाहून समुद्राला जावें



परंड्याच्या माणसानें समुद्राविषयीं बोलावें, हें कित्येकांना विनोदाचें वाटेल. आमच्या गांवीं पाणी पाहावयाचें तें किल्ल्याच्या खंदकांत किंवा सीनेच्या पात्रांत, आणि तेंहि पावसाची कृपा झाली तर. आमच्याकडे वर्षाकाठीं पंचवीस-तीस इंच पाऊस. रत्नागिरीस शंभर इंचांहून अधिक. म्हणूनच सुटी लागली कीं देशावरचीं कुटुंबें मोटार काढून आंबा घाट उतरतात. त्यांच्यासाठींच आजचे हे चार शब्द आहेत.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीहि असेच गेलों होतों. दुपारीं दीड-दोनचा सुमार. एका किनाऱ्यावर ओली वाळू घट्ट दिसली, म्हणून मुलानें मोटार तींवर उभी केली आणि आम्ही सुरूच्या झाडांखालीं जेवावयास बसलों. नातू मागच्या बैठकीवर झोंपला होता. जेवण आटोपून पाहतों तों पाणी चाकांशीं आलेलें, आणि चाकें वाळूंत रुतलेलीं! नातवाला उचलून आणलें. मोटार मात्र कोळ्यांनीं दोर लावून ओढून काढली. त्यांतील एका वृद्धानें मला विचारलें, "गुरुजी, आज तिथि कोणती?" मला सांगतां आली नाहीं. तोच म्हणाला, "आज षष्ठी. साडेचारपर्यंत पाणी चढणार." चंद्राच्या आकर्षणानें भरती येते, हें मीं सारा जन्म मुलांकडून पाठ करून घेतलें होतें, परंतु माझ्या नातवाच्या पायाशीं भरती केव्हां येणार, हें मला ठाऊक नव्हतें.

त्या वृद्धाचा हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब एकच. भरतीच्या आधीं व नंतर सहा-सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. असें कां व्हावें? चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच मागें पडते. जुन्या मानानें म्हणजे जेमतेम दोन घटका. पंधरा तिथींत तीस घटका, म्हणजे बारा तास, आणि चक्र पुन्हा मूळ जागीं येतें. हा हिशेब अर्थात् स्थूल आहे. मुंबईच्या मानानें रत्नागिरीकडे भरती थोडी आधींच येते. अचूक वेळ हल्लीं मोबाईलवरहि मिळते. परंतु पंचांग घरांत असतें आणि तिथीला वीज लागत नाहीं.

आतां हाच हिशेब धरून एक दिवस आंखूं. रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतिपुळें, मालगुंड व जयगड. एका बाजूचें अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंत-बाहेर. समजा, दिवस चतुर्थीचा आहे. पुळ्यास गर्दीहि त्याच दिवशीं. सकाळीं सातला रत्नदुर्ग पाहावा. तीन बाजूंनीं समुद्र असलेला हा किल्ला सागराची पहिली ओळख करून देतो. नऊच्या आधींच आरे-वारेला पोंचावें. तेव्हां ओहोटी असते, वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. मुलांना पाय भिजवावयाचे तर ते येथें, गुडघाभर पाण्यांत, वडील माणूस शेजारीं असतांना. शेजारची टेंकडी चढून रस्ता वर गेला कीं मोटार सुरक्षित जागीं थांबवून खालचे दोन्ही किनारे पाहावे. सबंध मार्गांत याहून सुंदर देखावा नाहीं.

अकराला गणपतिपुळें. येथें टेंकडीच देवस्वरूप मानली असल्यामुळें प्रदक्षिणा टेंकडीला घालतात. दर्शन झाल्यावर मात्र समोरच्या पाण्यांत उतरण्याचा मोह आवरावा. कारण दुपारीं पाणी चढत असतें, आणि येथील किनाऱ्याचा उतार तीव्र आहे. पुढें पडणाऱ्या दोन पावलांत गुडघाभर पाणी छातीपर्यंत येतें, आणि परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते. शिवाय लाटांनीं आणलेलें पाणी कोठें तरी वाट काढून परत जातें. त्या वाटेवर लाटा फुटत नाहींत, म्हणून ती जागा नवख्याला शांत वाटते; प्रत्यक्षांत ओढ तेथेंच असते. तींत कोणी सांपडलाच तर त्यानें तीराकडे सरळ झगडूं नये. किनाऱ्याला समांतर जावें, ओढ सुटल्यावर तीर गांठावा. नदींत पोहणाऱ्याला हें ठाऊक नसतें. आणि देशावरचा पोहणारा नदी-विहिरींतच शिकलेला असतो.

भरतीची ही वेळ जमिनीवर घालवावी. मालगुंड जवळच आहे. कवि केशवसुतांचें हें जन्मग्राम, आणि त्यांचें तेथील स्मारक आवर्जून पाहण्याजोगें आहे. तेथून जयगडास जावें. शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या मुखावर, उंच कड्यावर हा किल्ला उभा आहे. आमच्या परंड्याचा किल्ला काळ्या पाषाणाचा. येथें तांबड्या जांभ्याचा रंग दिसतो. तटावरून खाडींत शिरणारें भरतीचें पाणी निवांत पाहतां येतें. परततांना सूर्यास्त कोठूनहि पाहावा. तोंवर पाणी पुन्हा मागें हटूं लागलेलें असतें.

दुसरी तिथि असेल तर थांबे तेच ठेवावे, क्रम मात्र बदलावा: ओहोटीला वाळू, भरतीला किल्ला. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां अधिक जपावें. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतें, तरी उतार तोच असतो. पावसाळ्यांत तर पाण्यांत पाऊलच टाकूं नये.

आमच्या घरीं आतां सहलीचा बेत ठरला कीं प्रथम पंचांग उघडतें. तें काम माझ्या नातवाकडे आहे. पाऊणपटीचा पाढा त्याला मीं शिकविला. तिथीचा उपयोग त्या कोळ्यानें.