घरी बनवलेल्या लाकडी ल्युअरचा रंग का उडतो? एअरब्रश नंतर, आधी पाणी अडवा!

सिंधुदुर्ग : खाडीवर गरवायला जाणाऱ्यांच्या पिशवीत आता कोळंबीच्या चाऱ्याबरोबर नकली मासाही दिसतो. त्यालाच ल्युअर म्हणतात. दुकानातला चांगला ल्युअर काहीशे रुपयांचा. खडकात अडकून तुटला की पैसे पाण्यात. त्यामुळे काही हौशी मंडळी घरीच लाकूड तासून ल्युअर बनवतात, मोबाईलवर व्हिडिओ बघून एअरब्रशने रंगवतातही. पण चार-पाच वेळा पाण्यात गेला की रंगाला तडे जातात, पोपडे सुटतात. मग दोष रंगाला दिला जातो. खरं कारण मात्र बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं.

लाकूड पाणी पितं, म्हणून रंग फुटतो

ल्युअरसाठी हलकं लाकूड लागतं. परदेशात बाल्सा वापरतात. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा तसाच हलका आणि कोरायला सोपा. पण जे लाकूड मऊ, ते पाणीही लवकर पितं. पाणी शिरलं की लाकूड फुगतं, वरचा कडक रंग तेवढा ताणत नाही आणि फुटतो. शिवाय ल्युअरचं वजन वाढतं, पाण्यातली त्याची डुलण्याची चाल बिघडते. चाल बिघडली की रंग कितीही सुंदर असो, मासा फसत नाही.

पाणी सहसा भोकांतून शिरतं : गळ अडकवायच्या कडीचं भोक, पोटात शिसं भरायचं भोक आणि तोंडाची तार. म्हणून सगळी भोकं रंगाआधीच पाडावीत. पुढचा क्रम असा ठेवावा :

• आधी 180 नंबरचा, मग 320 नंबरचा पॉलिश पेपर मारून धूळ पुसावी.
• सुतारकामातला सँडिंग सीलर दोन-तीन हात लावावा. प्रत्येक हात वाळल्यावर हलका पेपर मारावा. भोकांच्या आतही सीलर गेला पाहिजे.
• शिसं व कड्या बसवून, फटी इपॉक्सीने बुजवून वरून इपॉक्सीचा एक पातळ थर द्यावा.
• तो पूर्ण वाळला की गळ तात्पुरते अडकवून बादलीत सोडावा. ल्युअर कलंडत असेल तर वजन आताच दुरुस्त करावं. रंगानंतर ते जमत नाही.

एअरब्रश कसा चालवायचा?

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी छोटी फवारणी. कॉम्प्रेसरची हवा येते आणि बारीक तोंडातून रंगाचं धुकं उडतं. डबल अ‍ॅक्शन प्रकारात खटका दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग येतो. ल्युअरसाठी साधारण 0.3 मिमी तोंडाची सुई आणि 20 पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करावा. एअरब्रश 10 ते 15 सेंमी लांब धरून हात चालता ठेवावा. एका जागी थांबलात की ओघळ आलाच. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात बरे.

पहिला रंग नेहमी पांढरा. हे रंग थोडे पारदर्शक असतात. खाली पांढरं असेल तरच वरचा रंग उठून दिसतो. खवले काढायला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा किंवा नेटचं कापड ल्युअरवर ताणून चिमट्याने बांधावं आणि वरून फवारावं. जाळी काढली की खवले तयार. कल्ल्याचा आकार जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापून घेता येतो. डोळ्याचा गोल ठिपका खिळ्याच्या माथ्याला रंग लावून उमटवता येतो.

पाठ काळपट, पोट पांढरं

बोईट किंवा पेडवा नीट बघा. पाठ गडद, पोट चंदेरी. वरून बघणाऱ्याला तो खालच्या काळ्या पाण्यात मिसळतो, खालून बघणाऱ्याला आभाळाच्या उजेडात. ल्युअरवरही तेच उतरवायचं. स्वच्छ समुद्रात लाल रंग सर्वांत आधी विझतो. काही मीटर खाली तो काळपट दिसू लागतो. गढूळ खाडीत बारीक नक्षी दिसतच नाही, तिथे गडद-फिकट असा ठळक फरक कामी येतो. जिताडा, तांबोशी धरायला खवला न् खवला रेखण्याची गरज नाही.

वरचा थर : घाई केली तर सगळं वाया

रंग पूर्ण वाळल्यावर दोन भागांच्या इपॉक्सीचा पारदर्शक थर द्यावा. रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावेत. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतो. थर ओघळू नये म्हणून घट्ट होईपर्यंत ल्युअर सावकाश फिरवत ठेवावा लागतो. मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी छोटी मोटर पुरते. घरच्या विजेवरची मोटर असेल तर वायरची टोकं उघडी ठेवू नयेत.

कोकणात खरी अडचण इथे येते. पावसाळ्यात हात मोकळे असतात, पण दमट हवेत इपॉक्सी धुरकट होते, वर चिकट साय धरते. म्हणून पावसाळ्यात लाकूड कोरून, पेपर मारून ठेवावं. सील, रंग आणि वरचा थर कोरड्या हवेत, शक्यतो थंडीत करावा.

छातीची काळजी

गाड्यांना मारतात तो हार्डनरवाला टू-के क्लिअर चकाकतो छान, पण त्यात आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा लागू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क ते अडवत नाही. असा क्लिअर घरात फवारू नये. अ‍ॅक्रिलिक रंग फवारतानाही मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी. इपॉक्सीने अंगावर अ‍ॅलर्जी उठू शकते, म्हणून हातमोजे घालावेत. थिनरजवळ विडी-काडी नको आणि मुलांनाही लांब ठेवावं.

एअरब्रश नसेल तर?

काम अडत नाही. आज जगभर विकल्या जाणाऱ्या रापाला ल्युअरची सुरुवात फिनलंडमधल्या लाउरी रापाला या गरीब मच्छिमाराने 1936 मध्ये केली. त्याच्याकडे एअरब्रश नव्हता. त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चमक यावी म्हणून चॉकलेटची चंदेरी पन्नी गुंडाळली आणि पाणी शिरू नये म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला. निगेटिव्ह वितळवायचा उद्योग आज कुणी करू नये, ती भडकन पेटू शकते. पण पन्नी, साधा कुंचला आणि नीट लावलेलं सीलर एवढ्यावर पहिला ल्युअर सहज होतो. तो हंगामभर न फुगता टिकला, की मग एअरब्रशवर पैसे घालावेत.