खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

वस्तीत रक्त तपासायला गेलो की बाया आम्हाला विचारतात, "ताई, मेथी-बाजरी तर रोजचीच, मग रक्त कमी कसं?" २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला.

पालेभाजी, कडधान्य, बाजरी यांतलं लोह शरीर थोडंच घेतं. जोडीला 'क' जीवनसत्त्व असलं की जास्त घेतं. म्हणून मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा. कडूपणाही कमी लागतो. भाजी चुलीवरून उतरल्यावरच पिळा, कारण शिजवताना हे जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. मोडाच्या मटकीवर कच्चा टोमॅटो किंवा कैरी चिरून घाला. चिंच आंबट खरी, पण तिच्यात 'क' फारच कमी. पालेभाजीत मूठभर सुकट टाकली तर चव खुलते आणि भाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं.

जेवणावर लगेच चहा नको. तो लोह अडवतो. तासभर थांबा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सोडू नका.

आणि बाईने मागून उरलंसुरलं खायचं, ही रीत आता मोडूया. भाजी आणि लिंबाची फोड तिच्या ताटातही सगळ्यांबरोबरच पडू द्या.