पदवी हातात, ‘नीट’ पुढ्यात

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा पहिल्या तुकडीत एक मास्तर विद्यार्थी म्हणून येऊन बसले. रामचंद्र विठ्ठल लाड हे त्यांचं नाव. पुढे सारी मुंबई त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखू लागली. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला, तिथेच शिकवू लागला आणि हातची मास्तरकी सोडून पुन्हा बाकावर बसला. १८५१ मध्ये त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांत ते होते. मुंबई विद्यापीठच तोवर जन्मलेलं नव्हतं, त्यामुळे आजच्या अर्थाने त्यांना पदवीधर म्हणता येणार नाही. पण एक शिक्षण पुरं करून, कमावते होऊन मग डॉक्टरकीकडे वळलेला माणूस आपल्याकडच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच पानावर आहे.

नंतरच्या काळात इंटर सायन्स करून मेडिकलला जाण्याची रीत होती. जुन्या डॉक्टरांच्या पाट्यांवर ‘बी.एससी., एम.बी.बी.एस.’ अशी दुहेरी पदवीही अधूनमधून दिसायची. दहा अधिक दोनची पद्धत आली आणि सगळा निवाडा बारावीवर येऊन ठेपला. सतराव्या-अठराव्या वर्षी लागला नंबर तर लागला, नाहीतर बी.एससी., बी.फार्म., फिजिओथेरपी, इंजिनिअरिंग. तिशीच्या अलीकडे कधीतरी त्यातल्याच एखाद्याला पुन्हा मेडिकलची ओढ लागते आणि घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता या वयात परत बारावीचा अभ्यास?’

प्रश्न खोचक असला तरी नेमका आहे. भारतात पदवीधराने एमबीबीएसला जायचं तर रस्ता एकच, बारावीच्या मुलामुलींसोबत ‘नीट’ देण्याचा. पदवीधरांसाठी वेगळी परीक्षा नाही, राखीव जागा नाहीत, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही. बी.एससी.ला सुवर्णपदक असलं तरी त्याचा एकही गुण धरला जात नाही. गेल्या काही वर्षांत हे दार बरंच रुंद झालं आहे, एवढं मात्र खरं.

आधी वयाचं. २०१७ मध्ये ‘नीट’साठी खुल्या गटाला पंचवीस आणि राखीव गटांना तीस वर्षांची कमाल मर्यादा लावण्यात आली. प्रकरण कोर्टात गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मर्यादा वैध ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे वय उलटलेले उमेदवार परीक्षा देत राहिले, पण डोक्यावर टांगती तलवार घेऊन. याच काळात, २०२० साली, ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाल्याची बातमी देशभर गाजली. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कमाल वयाची अट काढूनच टाकली. किमान वय तेवढं राहिलं, सतरा पूर्ण. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही.

दुसरी अडचण जीवशास्त्राची होती. महाराष्ट्रात अकरावीलाच गणित धरून जीवशास्त्र सोडणारे आणि त्या जागी कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेणारे हजारोंनी असतात. इंजिनिअर झाल्यावर त्यांना मेडिकलचा विचारही करता येत नसे, कारण दोन वर्षं नियमित कॉलेजात जीवशास्त्र शिकलेलं हवं, असा जुना नियम होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने तोही सैल केला. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केला तरी ‘नीट’ देता येते. याच्या उलट एक गैरसमज सर्रास आढळतो: बी.एससी. झूऑलॉजी आहे, मग बारावीचं कोण विचारतंय? विचारतात. ‘नीट’च्या माहितीपत्रकात पात्रता परीक्षांना क्रमांक दिलेले असतात आणि त्यांत बी.एससी.साठीही एक क्रमांक आहे. पण बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी उत्तीर्ण असणं तिथेही सुटत नाही.

आडवाटा काढण्याचे प्रयत्न झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१७ च्या विधेयकात आयुष डॉक्टरांना ‘ब्रिज कोर्स’ करून काही प्रमाणात अ‍ॅलोपॅथीची मुभा देण्याची तरतूद होती. त्यावर वादळ उठलं आणि २०१८ मध्ये ती वगळली गेली. महाराष्ट्राने होमिओपॅथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला, त्यावरून आजही दोन्ही बाजूंची खडाजंगी चालू असते. पण त्या कोर्समधून एमबीबीएस मिळत नाही. बी.ए.एम.एस. झालेल्याला एमबीबीएस हवं असेल तर तोही पहिल्या वर्षापासून, ‘नीट’ देऊनच.

आता ही परीक्षा. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्रात समसमान. २०२५ पासून वेळ तीन तास, दुपारी दोन ते पाच. पायात चप्पल, अर्ध्या बाह्यांचा सदरा, मनगटावर घड्याळ नाही, पेनसुद्धा केंद्रावर मिळतं तेच. २०२५ मध्ये बावीस लाखांहून अधिक जण बसले, बारा लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आतबाहेर. त्या वर्षी खुल्या गटात १४४ गुणांना माणूस पात्र झाला. या शब्दावर विसंबून पेढे वाटणारे पुढे फसतात. खुल्या गटातल्या सरकारी जागा त्याच्या कितीतरी वरच्या गुणांवर संपून जातात.

पदवीधराला वाटतं, आपण चार बुकं जास्त शिकलोय, हे सोपं जाईल. इथे २०२४ चा एक प्रश्न आठवावा. अणूंविषयी दोन विधानं दिलेली होती आणि त्यातलं दुसरं असं सांगत होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. युरेनियमचं नाव ऐकलेला कुणीही याला चूक म्हणेल. एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकातही ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झालेली होती. जुन्या पुस्तकात मात्र सगळीच मूलद्रव्यं स्थिर होती, आणि जुनं पुस्तक वाचून आलेल्या लाखो मुलांनी त्याप्रमाणे उत्तर लिहिलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि चार लाखांवर विद्यार्थ्यांचे गुण घटले. पहिल्या क्रमांकावर एकसष्ट जण होते, ते सतरावर आले. विज्ञानाचा निकाल शेवटी विज्ञानाच्या बाजूने लागला खरा. पण पुस्तकात छापलं होतं म्हणून चुकीचं उत्तरही आधी ग्राह्य धरलं गेलं, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. मायक्रोबायॉलॉजीत एम.एससी. झालेल्याला प्रत्येक नियमाचे अपवाद ठाऊक असतात, आणि नेमके तेच त्याला त्या तीन तासांत नडतात. प्रत्येक प्रश्नाला मिनिटभर वेळ. त्यात एनसीईआरटीचं वाक्य आठवणारा पुढे जातो, विचार करत बसलेला मागे पडतो.

म्हणून लातूर-नांदेडच्या रिपीटर बॅचमध्ये एखादा चोवीस-पंचवीस वर्षांचा पदवीधर दिसतो, तेव्हा तो शिकण्यापेक्षा विसरायला जास्त आलेला असतो. बाजूची पोरं त्याला दादा म्हणतात, मुलगी असेल तर ताई. मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, दर रविवारची टेस्ट आणि संध्याकाळी लागणारी गुणांची यादी. नोकरी सांभाळून घरी अभ्यास करणारेही आहेत. त्यांना बहुधा भौतिकशास्त्र रडवतं, कारण गणितं सोडवण्याचा हात गेलेला असतो.

जगात सगळीकडे असं नाही. अमेरिकेत तर डॉक्टर होणारा आधी पदवीधरच असावा लागतो. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं, तेव्हा त्यांनी प्रवेशासाठी पदवीची अट घातली आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश दिला. त्या काळी हे दोन्ही अघटितच. तिथले विख्यात प्राध्यापक विल्यम ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला गमतीने म्हणाल्याचं सांगतात, की बरं झालं आपण इथे प्राध्यापक म्हणून आलो, विद्यार्थी म्हणून आपल्याला कुणी घेतलं नसतं! आज अमेरिकेत पदवी कुठल्याही विषयाची चालते, फक्त ठरावीक विज्ञान विषय केलेले हवेत. ‘एमकॅट’ नावाच्या परीक्षेत एक पूर्ण विभाग उतारे वाचून अर्थ लावण्याचा असतो; त्यात विज्ञानाचा प्रश्न नावालाही नसतो.

यातून कोण आत येतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे हॅरॉल्ड व्हार्मस. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात इंग्रजी साहित्याची पदवी, मग हार्वर्डमध्ये इंग्रजीचंच एम.ए. त्यानंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने त्यांना दोनदा नाकारलं, कोलंबियाने घेतलं. विद्यार्थी असताना काही काळ ते उत्तर प्रदेशात बरेलीच्या मिशन हॉस्पिटलात काम करून गेले. कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या शोधासाठी १९८९ चं नोबेल त्यांना मायकल बिशप यांच्यासोबत मिळालं. आपल्याकडे त्यांना आधी अकरावी-बारावी सायन्स करून या, असं सांगावं लागलं असतं.

ब्रिटनने मधला मार्ग काढला. बारावीनंतरचा पाच-सहा वर्षांचा नेहमीचा अभ्यासक्रम आहेच, पण २००० साली लंडनच्या सेंट जॉर्जेसने पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. वॉरिकमध्ये तर फक्त पदवीधरच घेतात, मग पदवी इतिहासाची असो वा भूगोलाची. निवड परीक्षेवर थांबत नाही. रुग्णांची किंवा वृद्धांची सेवा प्रत्यक्ष केलेली आहे का, हे पाहतात. मग मुलाखत; तीही एका टेबलासमोरची नव्हे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात घडलेल्या पद्धतीने उमेदवार ओळीने लहान लहान ठिकाणी जातो आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबतो. एका ठिकाणी नट बसलेला असतो. सराव-पुस्तकांतला ठरलेला प्रसंग असा: गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं मांजर तुमच्या चाकाखाली आलंय, आता त्याला सांगा. चार पर्यायांतून एक निवडण्याची सोय तिथे नाही. चार ठिकाणी वावरलेल्या पदवीधराला इथे फायदा होत असणार, असं वाटतं. भारतात मात्र एमबीबीएसला प्रवेश देताना ‘तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय’ हे कुणीही विचारत नाही. मुलाखत आली की वशिला येतो, ही आपल्याकडची धास्ती खोटी नाही. तरी हा प्रश्न एकदाही न विचारला जाणं विचित्रच.

परदेशातला हा चार वर्षांचा मार्ग पाहून कुणाला मोह झाला, तर एक हिशेब आधी करावा. परदेशी पदवी घेऊन भारतात परवाना हवा असेल तर आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा लागतो आणि वर बारा महिन्यांची इंटर्नशिप. चार वर्षांचे महिने होतात ४८. शिवाय परदेशी शिकून इथे परतायचं तरी ‘नीट’मध्ये पात्र व्हावंच लागतं.

इथलाही हिशेब सोपा नाही. बाविसाव्या वर्षी पदवी आणि पुढच्या वर्षी प्रवेश धरला, तरी साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप जाऊन अठ्ठाविसावं उजाडतं. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकल्यास वर्षभराची बंधपत्रित सेवा असते, ती टाळली तर दहा लाखांचा दंड. त्यानंतर एमडी करायचं तर आणखी एक प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं. बरोबरीच्या मित्रांच्या घराचे हप्ते निम्मे फिटलेले असतात, आणि हा अजून रेसिडेंट. खासगी कॉलेजात वर्षाची फी कित्येक लाखांत जाते. म्हणून पदवीधर बहुधा सरकारी जागेसाठीच झगडतो आणि दोन-तीन वर्षं घालवतो.

जागा मिळण्याची चिन्हं दिसली की कागदांची धावपळ सुरू होते. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवरच्या फेऱ्यांत, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षाकडून. दहावी-बारावीची गुणपत्रकं, डोमिसाईल, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर, शेवटच्या कॉलेजचा दाखला, आणि मधल्या वर्षांसाठी स्टॅम्प पेपरवरचं गॅपचं प्रतिज्ञापत्र. नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपलेली असते, हे बहुतेकांना ऐन फेरीच्या आठवड्यात कळतं. जात वैधतेला महिने लागू शकतात, तेव्हा तो अर्ज अभ्यासाबरोबरच टाकलेला बरा. पदवीचा दाखला फाईलमध्ये सोबत असू द्यावा, पण गुणवत्ता यादीत तो कुठेच धरत नाहीत. नोकरीचा राजीनामा मात्र मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होऊन प्रवेश पक्का झाल्यावरच द्यावा.