भाकरी कुठल्या रकान्यात?

घरी खाल्लेली ज्वारी राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. तिची भाकरी थापण्याचं काम धरत नाहीत. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला हे प्रकरण शिकवताना मी मुद्दाम इथं थांबते. स्त्रीवादी सिद्धान्ताची ओळख करून द्यायला याहून चांगली जागा नाही. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेरिंग यांनी 1988 मध्ये हाच हिशोब जगापुढं मांडला. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, देवकी जैन राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत बायकांचा वेळ मोजत होत्या.

मुलांना मी आईचा कालचा दिवस लिहून आणायला सांगते. एकीच्या वहीत होतं: चूल, भाकऱ्या, शेरडांना पाला, दुपारभर खुरपणी, येताना सरपणाची मोळी. त्यावर आम्ही सरकारी रोजगार सर्वेक्षणाचे कोड घालायला बसलो. नुसतं घरकाम असेल तर 92. घरकाम करून सरपण-चारा आणत असेल तर 93. दोघीही श्रमशक्तीबाहेर. घरच्या रानातली खुरपणी मात्र 21, म्हणजे बिनपगारी मदतनीस, म्हणजे कामगार. पण दारात आलेल्या सर्वेक्षकाला वडील म्हणाले, ‘ती घरीच असते,’ आणि त्यानं खोदून विचारलं नाही, की खुरपणीही गेली! तास संपला तरी वर्गात वाद चालूच होता. 2019 च्या अखिल भारतीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97.

हा हिशोब अर्थशास्त्रापुरता नाही. औषधशास्त्रात तोच प्रश्न असा येतो: डोस कुणाच्या शरीरावरून ठरला? झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या रक्तात सकाळपर्यंत जास्त उरते. अमेरिकेत तिला 1992 मध्ये मान्यता मिळाली. बायकांसाठी डोस निम्मा करायला 2013 उजाडलं.

नीरा देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं काम 1974 मध्येच उभं केलं. तरी आजही हा विषय ऐच्छिक पेपरात ढकलला जातो, याची मला चीड येते. तो पहिल्याच प्रकरणात हवा.

पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी तर स्त्रीवादालाच जातीचा प्रश्न विचारला. दलित बायकांची आत्मकथनं त्यांनी समाजशास्त्राच्या वर्गात आणली. तो धागा धरून मी ऊसतोडीकडे येते. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात. ही बाई ‘घरी’ नाही. फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. तिची मजुरी वेगळी लिहिलेली नसते. कोयत्याच्या घरांतली काही मुलं माझ्या वर्गात आहेत. यंदाच्या प्रकल्पासाठी ती मुकादमांच्या वह्यांतल्या नोंदी उतरवून घेत आहेत.