घरचा स्टुडिओ, लेखांक ४ : बंद हेडफोनची पारख

क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठ बंद असलेले हेडफोन ध्वनिमुद्रणासाठी सोयीचे असतात. गायक माइकसमोर उभा असतो आणि त्याच्या कानांत साथीचा ट्रॅक व तालाची टिकटिक चालू असते. ही टिकटिक हेडफोनमधून बाहेर झिरपली तर माइक तीही टिपतो, आणि आवाजाच्या ट्रॅकमध्ये एकदा शिरलेली टिकटिक पुढे स्वच्छ काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून या हेडफोनमध्ये ड्रायव्हरची मागची बाजू कठीण कपने बंद केलेली असते. ओपन-बॅक प्रकारात ती जाळीने मोकळी ठेवतात. तो आवाज ऐकायला ऐसपैस वाटतो, पण माइकजवळ त्याचा उपयोग नाही.

पाठ बंद केल्याचे दुष्परिणामही आहेत. ड्रायव्हरचा पडदा पुढे जसा आवाज करतो तसाच मागेही करतो. मागचा आवाज कपच्या भिंतींवर आपटून परततो आणि काही ठरावीक स्वर फुगवतो, काही दाबतो. हलक्या बनावटीच्या संचात त्यामुळे खर्ज बोदा होतो आणि माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. पारख करताना म्हणूनच आधी बोलता आवाज ऐकावा. कानाला सर्वांत ओळखीचा तोच असतो आणि त्यातली खोट चटकन उघडी पडते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कानाभोवतीची बैठक, आणि खरेदीच्या वेळी नेमकी तिच्याकडेच पाठ फिरवली जाते. बंद हेडफोनचा खर्ज पॅड आणि त्वचा यांच्यामधली जागा हवाबंद असण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी, दाट केस किंवा जबड्याची ठेवण यांमुळे बारीकशी फट राहिली तरी खर्ज गळतो. एकच हेडफोन एकाला भरदार आणि दुसऱ्याला पोकळ वाटतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. तपासणी सोपी आहे. खर्ज असलेले ध्वनिमुद्रण, उदाहरणार्थ डग्ग्याचे घुमारे, चालू ठेवून दोन्ही कप हातांनी हलकेच दाबावेत. खर्ज एकदम वाढला तर फट आहे असे समजावे. मग कितीही नावाजलेला संच असो, तो त्या डोक्यासाठी नाही.

बाहेरचा आवाज अडवण्याचे आकडे ‘जास्तीत जास्त’ म्हणून दिलेले असतात. सेन्हायझर एचडी २८० प्रोसाठी कंपनी ३२ डेसिबलपर्यंतचा दावा करते. उंच पट्टीचे आवाज असे हेडफोन चांगले अडवतात, रस्त्यावरची खोल घरघर मात्र बरीचशी आत येते. शिवाय या संचाची पकड घट्ट असल्याने चष्मा लावणाऱ्याला तो फार वेळ सोसवत नाही.

खोक्यावरची वारंवारता-मर्यादा जवळपास दुर्लक्षिण्याजोगी असते. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोवर ५ हर्ट्झ ते ३५ किलोहर्ट्झ असे छापलेले असते, तर माणसाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकू येते. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, हे त्या आकड्यात नसतेच. इम्पीडन्स मात्र पाहावा. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत निघतो. २५० ओहमचा प्रकार मोबाइलवर दबका वाजतो. मागील लेखांकात पाहिलेल्या ऑडिओ इंटरफेसवर ८० ओहम सहसा बिनतक्रार चालतो. सोनी एमडीआर-७५०६ (६३ ओहम) आणि ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स (३८ ओहम) यांना फारशी ताकद लागत नाही.

स्वभाव प्रत्येकाचा वेगळा. १९९१ पासून बाजारात असलेल्या ७५०६ मध्ये उंच स्वर उठून येतात. त्यामुळे तोंडाची चटचट, श्वास, ‘स’चा फुत्कार लगेच सापडतो, निवेदन तपासायला हे उत्तमच. डीटी ७७० मध्ये खर्ज आणि उंच स्वर दोन्ही चढे. २०१९ चा एकेजी के३७१ हा श्रोत्यांची पसंती मोजणाऱ्या हार्मन कंपनीच्या संशोधनाला जवळचा, म्हणून तोलाने अधिक सम, पण बैठकीबाबत हट्टी.

दोन संचांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा संच कानाला बहुधा सरस वाटतो. दुरुस्तीचाही विचार हवा. ७५०६ ची गुंडाळीची केबल कायमची जोडलेली असते, एम५०एक्सची काढता येते. कृत्रिम चामड्याचे पॅड काही वर्षांत सोलतात. वेगळ्या जातीचे पॅड बसवले तर आवाजही बदलतो.

मिक्सिंगसाठी केवळ बंद हेडफोनवर विसंबू नये. डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो, हेडफोनचा डावा कप फक्त डाव्या कानाला. त्यामुळे वाद्यांची डावी-उजवी मांडणी आणि रिव्हर्बचे प्रमाण यांत फसगत होते. अखेरची खात्री स्पीकरवरच करावी. निवेदन आणि पॉडकास्टसाठी ७५०६, तासन्‌तास बसणाऱ्या चष्माधारकासाठी मऊ व्हेलोर पॅडचा ८० ओहमचा डीटी ७७० प्रो, आणि मुद्रण व मिक्सिंग एकाच संचावर करायचे असेल, तर बैठक नीट जमत असल्यास के३७१ घ्यावा.