बालपणातच अडकलेली मालिका

१७ डिसेंबर २०१९ रोजी अँड टीव्हीवर ‘एक महानायक : डॉ. बी. आर. आंबेडकर’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तेव्हा इथे शेगावात आम्ही लेकराबाळांसह टीव्हीपुढे बसलो. छोट्या भीमरावाचे काम आयुध भानुशालीने झकास केले. घरातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत.

पुढे मात्र कथानक पातळ होत गेले. आज एक कारस्थान, उद्या दुसरे. खलनायक तेच, सुटकाही तशीच. वर्ष उलटले तरी भीमराव लहानच!

खऱ्या प्रसंगांचा काय तोटा होता? १९०१ साली वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान पायी चालला, बैलगाडी मुलांनीच हाकली. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. यात कोणी कपटी सावकार नाही. साधी, रोजची माणसे आहेत. मालिका पाहणाऱ्या मुलांना मात्र वाटते, दुष्ट माणूस हरला की अस्पृश्यता संपली.

आमच्या घरातला पोरगा रोज विचारायचा, “चवदार तळं कवा येईन, आजी?” शेवटी आम्ही टीव्ही बंद केला आणि कपाटातून चरित्र काढले.